लाल शाई

दिवाळीच्या सुटीत मास्तराच्या घरी दोन गोष्टी हमखास साचतात : तपासायच्या राहिलेल्या वह्या आणि न कळवता आलेले पाहुणे. गेल्या दिवाळीत माझ्याकडे दोन्ही होते. वह्या सहामाहीच्या होत्या, आणि पाहुणा म्हणजे नागपूरला कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकणारा माझा भाचा. नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी तो सिंदेवाहीच्या बसस्थानकावर उतरला, तो एका हातात मिठाईचा पुडा आणि दुसऱ्या हातात एक लहानसे पुस्तक घेऊन. मिठाई पोरांनी रात्रीतून संपवली. पुस्तक मात्र खाटेवर बेवारशी पडून राहिले. पडलेले पुस्तक पाहिले की मास्तराचे हात स्वस्थ बसत नाहीत. समोर वह्यांचा ढीग असला तर मुळीच नाहीत. मी ते उचलले.

पुस्तक नायजेरियातल्या चिनुआ अचेबे नावाच्या लेखकाचे होते. 'थिंग्ज फॉल अपार्ट' ही त्याची कादंबरी 1958 साली प्रसिद्ध झालेली. आता माझे शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक. बाकीचे नोकरीने आणि कादंबऱ्या लिहिण्याच्या नादाने पदरात पाडून घेतलेले. माझे इंग्रजी सडकेने चालत नाही, धानाच्या बांधीच्या धुऱ्यावरून चालते. मधूनमधून पाय घसरतो आणि शब्दकोशाचा आधार घ्यावा लागतो. नायजेरियाविषयीचे ज्ञानही वर्गातल्या नकाशापुरतेच : आफ्रिकेच्या पश्चिमेच्या काखेत बसलेला देश, नायजर नदी, पामतेल आणि 1 ऑक्टोबर 1960 हा स्वातंत्र्याचा दिवस. तेथे पाचशेहून अधिक भाषा बोलल्या जातात, हे मला भाच्याने सांगितले. मी म्हटले, "मग तेथल्या मास्तरांचे कसे होत असेल रे?" तो हसला. मी मात्र गंमत केली नव्हती.

दोन दिवसांत मी त्या पुस्तकात गुंतून गेलो. ओकोन्क्वो नावाचा एक जिद्दी, तापट शेतकरी. बाप आळशी आणि कर्जबाजारी, म्हणून आपण दुबळे दिसू नये ही एकच भीती उराशी धरून जन्मभर राबणारा. त्याच्या मुलखात पीक सुरणासारख्या एका कंदाचे. ज्याच्या कणगीत हे कंद जास्त, तो गावात मोठा. नवे पीक देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालायचे नाही. पेरणीच्या आधी एक आठवडा असा, की त्यात कोणी कोणाला शिवी द्यायची नाही की हात उगारायचा नाही. पाहुणा आला की कोलाचे फळ फोडून त्याच्यापुढे करायचे. म्हाताऱ्यांचे तर म्हणीवाचून पाऊल पुढे पडत नाही.

वाचता वाचता मला पुन्हा पुन्हा वाटे, हे गाव मी पाहिले आहे. कंदाच्या जागी धान ठेवा, कोलाच्या जागी सुपारी ठेवा, की झाली आमची झाडी! बाहेर हलके धान कापणीला आले होते, भारी धान अजून हिरवे पिवळे उभे होते. पडवीत आई सूप घेऊन तांदूळ निवडीत बसली होती. मी कथेतला एकेक प्रसंग तिला मराठीत सांगू लागलो. आई निरक्षर आहे, पण गोष्टीतली खोट तिला चटकन सापडते. त्या गावावर टोळधाड येते आणि लोक दुःख करण्याऐवजी ते टोळ आनंदाने भाजून खातात, हे मला जरा नवल म्हणून सांगावेसे वाटले. ती म्हणाली, "तं का झालं? भामरागडाकडं लाल मुंग्याची चटनी खातेत ना." तिच्या लेखी आफ्रिका भामरागडाच्या थोडी पलीकडे होती, इतकेच.

एका प्रसंगाला ती पोट धरून हसली. गावात गोरा पाद्री येतो. त्याचे बोलणे लोकांना समजावून सांगायला बरोबर एक दुभाषा असतो. तो लोकांच्याच भाषेत बोलतो, पण दुसऱ्या मुलखाच्या वळणाने. आणि या गावच्या कानाला त्याचा 'मी स्वतः' हा शब्द 'माझे बूड' असा ऐकू येतो. पाद्री स्वर्गाचे गंभीर वर्णन करतो आहे, आणि दुभाषाच्या तोंडून दर वाक्यात बूड बाहेर पडते आहे! हसून झाल्यावर आई डोळे पुसत म्हणाली, "तुमच्या साळेत येते ना तपासाले साहेब, तसाच दिसते हा."

मग सूप खाली ठेवून तिने विचारले, "हे पुस्तक त्या गावच्याच मानसानं लिवलं का?"

"हो. त्याच मुलखातल्या."

"मंग बरोबर. मानसं बोलतेत त्याच्यात." आणि पुन्हा सूप उचलून ती म्हणाली, "तुह्या पुस्तकातले नाई बोलत."

वाचकहो, कादंबरीकाराला टीका नवी नसते. माझ्या दोन कादंबऱ्या छापल्या गेल्या आहेत आणि त्यांच्यावर बरेवाईट थोडे लिहूनही आले आहे. पण सुपातल्या खड्यासारखे उचलून कोणी मला असे बाजूला टाकले नव्हते. माझी दुसरी कादंबरी तिला मीच वाचून दाखवली होती. तिच्यात आमचाच मुलूख आहे. पहाटे मोहफुले वेचायला गेलेली एक बाई वाघाच्या तोंडी जाते आणि तिच्या मागे ते घर कसे उभे राहते, याची ती कथा. हा प्रसंग मला कल्पनेने रचावा लागला नाही. आमच्या तालुक्यात उन्हाळा म्हणजे मोह आणि तेंदूपत्ता, आणि मोह व तेंदूपत्ता म्हणजे वाघाची भीती, हे येथले पोर देखील जाणते. बातमी घेऊन मुलगा घरी येतो तेव्हा त्याची म्हातारी आजी दीड पान शोक करते, असे मी लिहिले होते. ते दीड पान लिहिताना माझे स्वतःचे डोळे भरून आले होते. वाचून दाखवले तेव्हा आई गप्प राहिली होती. मला वाटले, तिचा कंठ दाटला. आता विचारले तेव्हा म्हणाली, "मले समजेच ना, हे बुढी कोनाची होय म्हनून. पुन्याची होय का?"

त्या रात्री मला झोप लागेना. आईच्या बोलण्याने एक जुनी गोष्ट वर काढली होती.

वीसेक वर्षांपूर्वीची ती गोष्ट. मी नोकरीत नवा होतो. चौथीच्या मुलांना 'माझा आवडता दिवस' या विषयावर निबंध दिला होता. बहुतेकांनी पंधरा ऑगस्ट लिहिला, कारण तो पाठ होता. एका मुलाने मात्र रोवण्याचा दिवस लिहिला. सकारी आईसंग बांधीत गेलो, पानी पडत होते, पऱ्हे हातात घेतले तर गार लागले, चिखलात पाय गेला तर माय हसली, असा तो निबंध. आमच्या झाडीबोलीत ण नाही, ळ नाही, श नाही. पाण्याचे पानी होते, सकाळची सकार होते आणि जवळचे जवर. मी लाल शाईची पेन घेतली आणि एकेक शब्द गोल करीत गेलो. पान संपले तेव्हा तेवीस गोल झाले होते. मी ते मोजून खाली आकडा लिहिला, दहापैकी तीन गुण दिले, आणि शुद्ध मराठी कशी नसावी याचा नमुना म्हणून तो निबंध वर्गात वाचून दाखवला. मुले हसली. तोही हसला. नंतरच्या निबंधात त्याने पंधरा ऑगस्ट लिहिला. तो शुद्ध होता. मला समाधान वाटले होते.

मी दुष्ट मास्तर होतो असे नाही. मलाही माझ्या मास्तरांनी असेच शुद्ध केले होते. झाडीचे पोर बाहेर गेले की तोंड उघडताच लोक हसतात. मग हसण्यासारखे काही त्याच्या तोंडात ठेवायचेच नाही, असा तो सरळ हिशेब. हा हिशेब सगळाच खोटाही नाही. प्रमाण मराठी आली नसती तर मी आज या अंकात लिहू शकलो नसतो. पण हिशेबात एक रक्कम लिहायची राहून जाते, ती कोणाच्या नावे पडते हे कोणी पाहत नाही.

दुसऱ्या दिवशी मी भाच्याला विचारले, या अचेबेचे शिक्षण कसे झाले? त्याने जे सांगितले ते ऐकून मी गप्पच झालो. 1930 साली जन्मलेला हा मुलगा उमुआहिया येथल्या सरकारी शाळेच्या वसतिगृहात गेला. तेथे निरनिराळ्या भाषांची मुले एकत्र राहत आणि सर्वांनी इंग्रजीच बोलावे असा दंडक होता. तेथे त्याला पहिली शिक्षा झाली ती कशाबद्दल? दुसऱ्या एका मुलाला त्याने आपल्या इग्बो भाषेत म्हटले होते, साबण इकडे दे. त्या मुलाने मोठेपणी त्याच इंग्रजीत कादंबरी लिहिली, पण ते इंग्रजी इग्बो माणसाच्या पायांनी चालेल असे घडवले. कादंबरीच्या शेवटी ओकोन्क्वो गळफास घेतो. गोरा अधिकारी ते पाहतो आणि त्याच्या मनात येते, आपण लिहिणार आहोत त्या पुस्तकात या माणसावर एक बरासा परिच्छेद होईल. एका माणसाचे अख्खे आयुष्य, त्याची शेती, बायकामुले, भीती, मान, आणि साहेबाच्या वहीत त्याला जागा एका परिच्छेदाची! अचेबेने त्या परिच्छेदाची कादंबरी केली.

भाच्याने आणखी एका माणसाची ओळख करून दिली. आमोस टुटुओला. हा कोकोच्या शेतकऱ्याचा मुलगा, शाळा जेमतेम सहा वर्षे झालेली, आणि लागोस शहरात सरकारी कचेरीत शिपाई. त्याने आपल्या योरुबा आजीबाईंच्या भुताखेतांच्या गोष्टींवरून मोडक्यातोडक्या, पण झऱ्यासारख्या वाहत्या इंग्रजीत एक पुस्तक लिहिले. 1952 साली ते लंडनला निघाले आणि तेथल्या डिलन टॉमस या कवीने त्याचे कौतुक केले. रागावले ते नायजेरियातलेच शिकलेले लोक. हे असले इंग्रजी वाचून जग आपल्याला अडाणी म्हणेल, असे त्यांना वाटले. मला त्या लोकांचा राग येईना. त्यांच्या हातातली लाल पेन मी ओळखत होतो.

बलिप्रतिपदेला गायगोधन झाले, भाऊबीज झाली, आणि आमच्याकडच्या खऱ्या दिवाळीला सुरुवात झाली. बाहेरच्या वाचकांना सांगायला हवे, की झाडीपट्टीत म्हणजे चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या धानाच्या मुलखात दिवाळी संपली की गावोगाव मंडई भरते. लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरे भरतात, सोयरिकी जुळतात, आणि रात्री नाटक असते. वडसा म्हणजे देसाईगंज हे या नाटकांचे मोठे ठाणे. तेथल्या मंडळ्या पडदे, दिवे, वाद्ये गाडीत भरून निघतात त्या होळीपर्यंत हिंडत राहतात. रात्री दहाच्या पुढे सुरू झालेले नाटक कोंबडा आरवेपर्यंत चालते. तिकीट काढून, कांबळे पांघरून, खाली पसरलेल्या तनशीवर बसून हजारो माणसे ते पाहतात. 2023 साली या रंगभूमीवरचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पुष्कळांना या मुलखात असे काही आहे हे प्रथमच कळले.

आईच्या माहेरची मंडई होती. आई, मी, भाचा आणि पोरे असे सगळे निघालो. वाटेत भाचा म्हणाला, "मामा, नायजेरियातही अस्सेच होते." ह्यूबर्ट ओगुंडे नावाचा एक मनुष्य, आधी शाळामास्तर, मग पोलीस, आणि शेवटी नाटकवाला. 1945 साली त्याने मंडळी काढली आणि योरुबा भाषेतली नाटके, गाणी, नाच घेऊन तो गावोगाव फिरला. 1964 साली त्याचे 'योरुबा रोनू' हे नाटक, म्हणजे योरुबांनो विचार करा, तेथल्या प्रांतिक सरकारला इतके झोंबले की त्याच्या मंडळीवर बंदी आली. ती उठायला 1966 साल उजाडावे लागले. मास्तर मनुष्य नाटकात शिरला की असेच व्हायचे, असे म्हणून मी हसण्यावारी नेले. पण आपल्या लोकांना त्यांच्याच भाषेत 'विचार करा' म्हणून सांगितल्याबरोबर सरकार घाबरते, ही गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना.

नाटक कौटुंबिक होते. नायक देखणा, नायिका सोशीक, खलनायकाच्या मिशा पाहूनच पोरे आईच्या पदरात शिरावीत अशा. त्यांची भाषा माझ्या कादंबरीसारखी नीटनेटकी. मग तिसऱ्या प्रवेशात घरचा गडी आला. खांद्यावर पंचा, पायात चिखल. त्याने प्रेक्षकांकडे पाहून म्हटले, "काजी मामाजी, धान चुरून झालं का?" आणि मांडव गदगदून उठला. तो पानी म्हणे, सकार म्हणे, आणि प्रत्येक शब्दाला हशा. माझ्या शेजारी आई कांबळ्याच्या आत हसत होती. मी मात्र पुढे वाकून पाहत होतो. तो चेहरा मी ओळखला होता. तेवीस गोलांचा तो धनी होता.

पहाटे नाटक सुटल्यावर मी पडद्यामागे गेलो. तो रंग पुसत बसला होता. मला पाहताच उठला आणि पायाशी वाकला. "गुरुजी! तुमी आलते?"

मी त्याचे काम वाखाणले. मग धीर करून विचारले, "तुला तो रोवण्याचा निबंध आठवतो का रे?"

तो मोकळेपणाने हसला. "आठवते ना. माय वही पाहून म्हने, पोरा, वहीत कुंकू काहून सांडवलास?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते. मला काही सुचेना, म्हणून मी विचारले, "तुझे हे बोलणे नाटककार लिहून देतो का?"

"नाई जी. नायकाचं लिवून असते. माहं मीच बोलतो."

"आणि रडण्याचा प्रसंग? तसे काम कधी केलेस?"

तो थांबला. हातातला फडका त्याने घडी करून खाली ठेवला. "रडाचं काम मले देत नाईत, गुरुजी. आपल्या बोलीत रडलो तं लोकं हासतील म्हनतेत."

पहाटेच्या धुक्यात आम्ही घोळक्याने परतलो. जंगलाला लागून रस्ता, म्हणून पुढे एक बॅटरी, मागे एक, आणि मध्ये बायकापोरे. सगळे नाटकातले विनोद आठवून हसत होते. मी मनाशी माझ्या दोन्ही कादंबऱ्या चाळत होतो. तेथेही बोली होती. एक चहावाला, एक दारुडा, एक बाजारातली भांडखोर बाई. जेथे वाचकाने हसायचे तेथे मी आमची बोली आणली होती, आणि जेथे त्याने रडायचे तेथे पुसून टाकली होती. त्या मुलाला रडण्याचे काम न देणाऱ्यांत मीच पहिला होतो. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्यांनी झाडीबोलीचा अभ्यास केला, या बोलीची साहित्य संमेलने भरली, त्यांच्या पत्रिका मलाही आल्या. मी कौतुकाने गेलो, टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन पुन्हा शुद्ध दीड पान लिहिले.

सुटी संपली. भाचा पुस्तक घेऊन नागपूरला गेला. राहिलेल्या वह्या तपासल्या. लाल शाईने नव्हे, पेन्सिलीने, आणि प्रत्येक शब्दापाशी थांबत. पानी शब्दावर गोल काढायचा की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही. मी शेवटी असे करतो, की तो शब्द तसाच राहू देतो आणि समासात 'पुस्तकात पाणी असे लिहितात' एवढे लिहितो. परीक्षेत त्याचे गुण जाऊ नयेत आणि घरातला शब्दही जाऊ नये, अशी ही मास्तरी तडजोड. ती पुरेशी आहे असे मी म्हणत नाही.

मग एका रात्री मी माझी कादंबरी काढून आईजवळ बसलो. तिला म्हटले, "हे बघ, नातू घरी येतो. त्याच्या आईला वाघाने नेले आहे. ते सांगायला तो आजीपुढे उभा आहे. तू ती आजी असतीस तर काय म्हणाली असतीस?"

आई बराच वेळ बोलली नाही. बाहेर कोणाच्या तरी बंडीची घुंगरे वाजत गेली. आमच्या ओळखीतल्या एका घरी हे खरोखर घडले होते, आणि आई तेव्हा त्या घरी जाऊन बसली होती, हे मला त्या क्षणी आठवले.

"पयले त्याले पानी देईन," ती म्हणाली.

"आणि मग?"

"मंग इचारीन, तिची टोपली कोटी आहे म्हनून."

मी दीड पानावर आडवी रेघ मारली. समोर पेन एकच होती, लाल शाईची. तिनेच मी त्या जागी आईची दोन वाक्ये लिहून घेतली, तिने म्हटली तशी.